चार बोटं ढील

परवा आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मुलीची हळद होती. गच्चीवर ऊन लागू नये म्हणून निळी ताडपत्री बांधायला दोन जावई आणि एक मामा, असे तीन पुरुष सकाळपासून झटत होते आणि ताडपत्रीचं पोट काही आत जात नव्हतं. मी खुर्ची टाकून बघत बसले होते. सोलापूरच्या उन्हात निवृत्त बाईला दुसरं काम काय असतं? एकजण कोपरा ओढायचा, दुसऱ्याचा कोपरा सुटायचा, आणि मामा मध्ये उभा राहून दोघांना अक्कल शिकवायचा. शेवटी मला राहवेना. उठले, फाटलेल्या कोपऱ्यात एक खडा गुंडाळला, त्याच्या मानेला दोरी आवळली, सरकती गाठ मारून ती पाण्याच्या टाकीच्या पायाला ताणली आणि बोटानं टिचकी मारली. दोरी वाजली. चारी कोपरे तसेच वाजवून घेतले तेव्हा ताडपत्री पाटासारखी सपाट झाली. धाकटा जावई म्हणाला, बाई, तुम्ही शाळेत हेही शिकवत होता काय? सगळे हसले, मीही हसले. ही विद्या मला कुठून आली ते मी त्यांना सांगितलं. तिचा मी एकदा काय उपयोग केला, ते सांगितलं नाही. ते आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही, आणि आता तो ऐकायला राहिला नाही.

आमचं गाव सांगोल्याच्या अंगाला, माळावर. तिथं पाऊस यायला निघतो आणि वाटेत विचार बदलतो. म्हणून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमची माणसं बाहेर पडायची. आधी नदी ओलांडून करकंबच्या रानातून, मग करमाळ्याच्या बाजूला. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी, आणि त्याबद्दल ज्वारी द्यायचे. चार-पाच घरं मिळून एक तळ पडायचा. त्याला आमच्यात वाडा म्हणतात. भिंत नाही, दार नाही, तरी वाडा. पुरुष दिवसभर मेंढरांमागं असायचे आणि तळ बायकांचा असायचा. घोड्यावरून संसार उतरवायचा, पाल उभं करायचं, तीन दगड मांडून चूल पेटवायची, त्या वर्षी जन्मलेली कोकरं सांभाळायची, आणि दोन-तीन दिवसांनी सगळं गुंडाळून पुन्हा घोड्यावर चढवायचं. मला अजून कधी दुपारी डोळा लागला की घोड्याच्या गळ्यातली घंटी ऐकू येते, मोगरीनं मेखा ठोकल्याचा आवाज येतो, आणि कण्या शिजताना झाकण थडथडतं तो. हुलग्याचं माडगं आणि मेंढीच्या दुधाचा दाट चहा. तो चहा पुढं मला कुठंच मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर मिळाला असता तरी मी प्याले नसते.

पाल मारणं हे काम दिसतं सोपं. दोन मेढी उभ्या करायच्या, त्यावर आडवी काठी टाकायची, तिच्यावरून कापड सोडायचं आणि कडा दोऱ्यांनी ताणून मेखांना बांधायच्या. पण आई म्हणायची की पालावरून बाई कळते. एक मेढ दुसरीपेक्षा हातभर आखूड, म्हणजे पाणी एका अंगाला पळतं. मेख उभी ठोकायची नाही, पालाच्या उलट्या दिशेला कलती ठोकायची, म्हणजे दोरी तिला उपटत नाही. भोवती चर काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोरीचा ताण. आमच्या दोऱ्या अंबाडीच्या होत्या, घरी वळलेल्या. अंबाडी भिजली की आवळते. आभाळ भरून आलं की आई प्रत्येक दोरीपाशी जाऊन चार बोटं ढील द्यायची, मेखेपाशी दोरीखाली आपली चार बोटं आडवी घालून. पाऊस सुरू झाला की दोरी ती ढील आपोआप खाऊन टाकायची आणि पाल नगाऱ्यासारखं तट्ट व्हायचं. ढील दिली नाही तर मेख उपटायची, नाहीतर कापडाचा कान फाटायचा. वाड्यावरच्या प्रत्येक बाईला हे चार बोटांचं माप येत होतं. तिच्या आईला आणि तिच्या आईलाही येत असणार.

मला ते येत होतं तसंच आणखी एक येत होतं, जे वाड्यावर दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. मी पाचवीपासून सोलापुरात मामाकडं राहून शिकत होते. मामा चादरीच्या कारखान्यात होता. त्याच्या दोन खोल्यांपुढं पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद बांधलेला असायचा, नायलॉनच्या दोरीनं. दर पावसात तो कागद पाण्यानं फुगून खाली यायचा आणि मामा शिव्या देत दोऱ्या पुन्हा आवळायचा. नायलॉन भिजलं की आवळत नाही, सैल पडतं. अंबाडीच्या बरोबर उलटं. पाच पावसाळे मी ते बघितलं होतं.

नववी झाली आणि मला परत बोलावून घेतलं. बिरूचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लग्न साट्यात ठरलं होतं. दुधनीकडचं घर होतं. त्यांची मुलगी आम्हाला, त्यांच्या मुलाला मी. दोन्ही लग्नं एकाच मांडवात व्हायची होती, पण त्यांच्याकडं मधेच मयत झालं, म्हणून मुलीचं उरकून घेतलं आणि मुलाचं वर्षभर मागं ठेवलं. मुलगा वाईट नव्हता. मल्लू त्याचं नाव. लग्नात तो पंगतीला वाढत होता आणि माझ्या पानाशी आल्यावर त्यानं एकाऐवजी दोन पळ्या वाढल्या होत्या. त्याच्यात काही खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. मला लग्नच करायचं नव्हतं. मला दहावी करायची होती, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला एखादी गोष्ट हवी असली की ती इतकी हवी असते की त्यापुढं माणसं दिसेनाशी होतात. निदान मला दिसेनाशी झाली.

लग्नात माझ्याकडून शाळेच्या गोष्टी ऐकून निंगव्वा माहेरी परतली होती; ती नांदायला आमच्याकडं आली ती दिवाळीनंतर वाडा हलला तेव्हा. अठरा-एकोणीस वर्षांची, रुंद तोंडाची, बोलताना आधी कानडी शब्द तोंडात येऊन मग मराठी सापडणारी. तिच्या घरच्यांनी मेंढरं केव्हाच विकून शेती धरली होती, त्यामुळं ती पालात कधी झोपलीच नव्हती. घोड्याला भ्यायची. चालून पाय सुजले तर तिथंच रस्त्यात बसायची आणि स्वतःलाच हसायची. आहेरात तिच्या बापानं जावयाला नवी कोरी निळी प्लास्टिकची ताडपत्री आणि नायलॉनच्या पिवळ्या दोरीचं बंडल दिलं होतं. सगळ्या तळावर तशी ताडपत्री तिच्या एकटीचीच. बाकीच्या बायका येता-जाता तिच्यावरून हात फिरवायच्या आणि पुढं जाऊन नाकं मुरडायच्या.

आमच्यात नव्या सुनेचं पाल बघायची चाल होती. पहिल्याच मोठ्या मुक्कामाला तिनं कोणाची मदत न घेता पाल मारायचं आणि वाड्यावरच्या बायकांनी समोर बसून बघायचं. मारून झालं की सगळ्यात वयस्कर बाईनं वर घागरभर पाणी ओतायचं. पाणी सळकन उतरून गेलं तर सुनेला गूळ द्यायचा. पाणी साचलं तर सुनेनं त्याच पोटाखाली बसायचं आणि बायकांनी खालून काठी टोचून ते सगळं पाणी तिच्या अंगावर पाडायचं. ही गंमत समजली जायची. निंगव्वाचं पाल तर पाणी ओतायच्या आधीच एका अंगाला बसलं होतं. तिच्या अंगावर चार घागरी पाणी ओतलं, थंडीचे दिवस होते, आणि बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ती पण हसायचा प्रयत्न करत होती, तिचे दात वाजत होते. आई हसली नाही. आई म्हणाली, "कोकरं बायकांच्या पालात ऱ्हात्यात. पाल पडलं तर कोकरं मरत्याल. आनि एकदा जरी पडलं तर मी तुझ्या बापाला बोलावून घीन." आई बोलली की ते व्हायचं. तिनं थोरल्या चुलतभावाच्या पहिल्या बायकोला असंच घालवलेलं मी लहानपणी बघितलं होतं. ती पण साट्यातली होती, आणि तिच्याबरोबर आमची दिलेली मुलगीही आठवड्यात परत आली होती. साट्याचा हिशेब सोपा असतो. एकीकडचं मोडलं की दुसरीकडचं मोडतं.

निंगव्वाला शिकवायचं काम आईनं माझ्यावर टाकलं. आणि मी तिला मनापासून शिकवलं, हे इथं सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पहिल्यापासूनच सैतान होते असं वाटेल. मी पुढं पस्तीस वर्षं मास्तरीण होते, पण माझी पहिली विद्यार्थिनी तीच. मेढ कशी रोवायची, मेख कशी कलती मारायची, कान फाटला तर खडा कसा गुंडाळायचा. ती चुकली की मी तिच्या बोटांवर काठी मारायची, आणि ती "अय्यो" म्हणून बोटं तोंडात घालायची आणि पुन्हा गाठ मारायला घ्यायची. तिच्या पिवळ्या दोऱ्या मी तिला कडक ताणायला शिकवलं होतं. टिचकी मारल्यावर वाजल्या पाहिजेत, असं. पुढच्या मुक्कामाला तिचं पाल पुन्हा बघितलं तेव्हा घागरीचं पाणी थेंबभर न थांबता उतरून गेलं. तिला गूळ मिळाला. त्यातला मोठा खडा तिनं मला दिला. संध्याकाळी ती बिरूला कौतुकानं सांगत होती की वन्सं लई हुशार हाय, वन्संला साळंतच ठिवायला पायजे हुतं.

मग मामा आला. करमाळ्याला बाजारात त्याचं काही काम होतं, तिथून चौकशी करत तो तळावर आला. त्यानं वडलांना सांगितलं की पारूला पुढं शिकवायची तर मी खर्च करतो, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिचं नाव दहावीत घालता येईल, तिच्या बाईंनी मुद्दाम विचारलं आहे. वडील चिलीम ओढत होते. ते म्हणाले, चैत्रात तिचं लग्न हाय. मामानं आणखी दोनदा विचारलं. वडलांनी आणखी दोनदा तेच सांगितलं, आणि आईनं मामाला भाकरी वाढली. मी कोकरांना पाला टाकत होते. रडले वगैरे नाही. चैत्राला दोन महिने होते. मी फक्त निंगव्वाच्या निळ्या ताडपत्रीकडं बघत बसले. ती वाऱ्यात हलत सुद्धा नव्हती, इतकी छान ताणलेली होती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारी जेवणं झाल्यावर आभाळ आलं. ते दिवस पावसाचे नव्हतेच. पण माळावर असं अवकाळी आभाळ आलं की त्यात गारा असतात हे सगळ्यांना ठाऊक. पुरुष मेंढरं घेऊन लांब होते. बायकांनी धावपळ करून कोकरं पालात घेतली. निंगव्वाचं पाल सगळ्यात मोठं, म्हणून सगळ्यात जास्त कोकरं तिच्याकडं. मग सगळ्या आपापल्या दोऱ्यांना ढील द्यायला बाहेर आल्या. आई पलीकडं म्हाताऱ्या चुलतीच्या पालाला ढील देत होती. निंगव्वा आपल्या दोऱ्या आणखी आवळत होती. तिचं बरोबर होतं. तिला कारण माहीत नव्हतं, पण मी तिला कडक ताणायला शिकवलं होतं आणि ती ते इमानानं करत होती.

मी तिच्याजवळ गेले. वयनी, पाऊस येतोय, असं काय करताय, असं मी म्हणाले. बाकीच्या बघा की काय करत्यात. चार बोटं ढील द्या, न्हाय तर मेखा उपटत्याल. तिनं सगळीकडं बघितलं. खरंच प्रत्येक बाई दोऱ्या सैल करत होती. "मग तुमी मला आदी का न्हाय सांगितलं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, आदी पाऊस कुटं हुता? तिला ते पटलं. तिनं चारी दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या आणि प्रत्येक मेखेपाशी मला बोलावून दाखवलं, बरोबर हाय का म्हणून. मी स्वतःची चार बोटं दोरीखाली घालून मापून बघितली. चारी ठिकाणी. मग मी आमच्या पालात जाऊन बसले. माझा हात थरथरला नाही, छातीत धडधडलं नाही. पुस्तकांत अशा वेळी माणसांचं काय काय होतं. माझं काही झालं नाही.

पाऊस तासभर पडला असेल. आधी गारा, मग नुसतं पाणी. आमचं पाल अंबाडीच्या दोऱ्यांवर तट्ट झालं आणि पाणी सळसळत चरीत उतरायला लागलं. समोर वीस पावलांवर निळी ताडपत्री हळूहळू पोट सोडत होती. आधी पळीभर पाणी, मग परातभर, मग एवढं की मला त्याच्यात गारा पोहताना दिसत होत्या. आडवी काठी वाकली. निंगव्वा आत होती. तिनं डोकं लावून ते पोट वर उचलायचा प्रयत्न केला, तिच्या डोक्याचा आकार मला बाहेरून ताडपत्रीतून दिसत होता. पाणी एका बाजूला ढकललं की दुसरीकडं जायचं. मग ती ओरडली, "वन्सं, या की, धरा की जरा." दोनदा ओरडली. तिसऱ्यांदा तिच्या तोंडातून कानडी आलं, ते मला कळलं नाही. मी उठले नाही. वीस पावलं होती. पोट पाठीवर घेऊन ती किती वेळ उभी राहिली हे मला सांगता येणार नाही, पण मी इतका वेळ उभी राहिले नसते. मग काठी कडकन मोडली आणि सगळं खाली बसलं.

आई आणि बायका धावल्या. ताडपत्री इतकी जड झाली होती की चौघींना उचलेना, शेवटी आईनं विळ्यानं ती फाडली. निंगव्वा गुडघ्यांवर होती आणि तिच्या पोटाखाली तीन कोकरं जिवंत होती. अकरा मेली होती. तिचा डावा हात मनगटात वेडावाकडा झाला होता आणि तिकडं कोणाचंच लक्ष नव्हतं.

आई दोरीपाशी गेली. ओली पिवळी दोरी मेखेपासून लोंबत होती. आईनं ढील मापली. वीतभर भरली. सगळ्या दोऱ्यांची तेवढीच. आई म्हणाली की चार बोटं सांगितली तर ही वीतभर सोडते, हिला कोकरांचं काय पडलंय. निंगव्वा म्हणाली, "न्हाय आत्याबाई, चारच बोटं दिली हुती." आईनं तिच्या तोंडापुढं दोरी धरली. "ही दोरी खोटं बोलती व्हय?" सगळ्या बायका दोरीकडं बघत होत्या. नायलॉनची करामत त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हती. डोळ्यांपुढं वीतभर ढील होती आणि सून चार बोटं म्हणत होती. निंगव्वानं माझ्याकडं बघितलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. "वन्संनी मापलं की. वन्सं, सांगा की तुमी. तुमच्या बोटानं मापलं की."

आईनं माझ्याकडं बघून विचारलं, मापलंस का ग?

मी म्हणाले, "मी न्हाय बघितलं. मी पालात हुते."

निंगव्वाचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी वर्गात किती पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं असेल. त्यातलं एकही माझ्याइतकं सफाईनं बोललेलं नव्हतं.

दिवस मावळायला बिरू मेंढरं घेऊन आला. त्यानं काही न विचारता ती अकरा कोकरं पालापुढं ओळीनं मांडली आणि निंगव्वाला त्यांच्यापुढं बसवलं. मेंढ्या दिवसभर चरून येतात तेव्हा त्यांच्या सडांत दूध उतरलेलं असतं आणि त्या ओरडत आपापलं कोकरू शोधतात. अकरा मेंढ्या त्या ओळीपाशी आल्या. हुंगायच्या, खुरानं उकरायच्या, पुन्हा ओरडायच्या. निंगव्वा मोडका हात मांडीवर घेऊन मध्ये बसली होती. एक मेंढी तर तिच्याच पदरात तोंड खुपसून ओरडत राहिली. तिनं उजव्या हातानं तिला थोपटलं तर बिरू म्हणाला, हात लावू नगं. तो तिच्यावर जीव टाकायचा. करकंबच्या बाजारातून तिच्यासाठी त्यानं बांगड्या आणल्या होत्या, त्यातल्या डाव्या हातातल्या सगळ्या फुटल्या होत्या.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी तिच्या जाण्याचं तेवढंच सांगायचं राहील. साटं मोडलं. चैत्रात माझं लग्न झालं नाही, मी मामाकडं गेले, दहावी झाले, पुढं शिकले, नोकरी लागली. माझ्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात एक विद्यार्थी बोलला की बाईंनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं, आणि मी मान डोलावली. बिरूनं त्याच उन्हाळ्यात दुसरी केली. निंगव्वाला तिच्या घरच्यांनी कर्नाटकात चार पोरं असलेल्या एका बिजवराला दिलं, आणि तिचा हात शेवटपर्यंत वाकडाच राहिला, एवढं कानावर आलं. मी कधी शोध घेतला नाही. शोध घ्यायची हिंमत नव्हती असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला तिची आठवण फार येत नसे. माझं चांगलं चाललं होतं. लिहायला बसल्यापासूनच मला झोप लागत नाही.

तिच्या बापाला निरोप गेला होता तो नुसता 'येऊन जावा' असा. कशासाठी ते निरोप्यानं सांगितलं नव्हतं. त्यामुळं तो बुटका, पांढऱ्या पटक्याचा माणूस एस.टी.तून उतरला तो हसतच. लेकीला दिवस गेले म्हणून बोलावलं, असा त्याचा समज झाला होता. त्याच्या हातात खण होता, नारळ होता आणि शेंगाच्या पोळ्यांचा मोठा डबा होता. त्या पोळ्या त्यानं बायकांत वाटायला आईच्या हातात दिल्या आणि मग त्याला बसवून सांगितलं. तो बराच वेळ आपला पटका काढून मांडीवर घेऊन बसला. भांडला नाही. खण तसाच पिशवीत ठेवला. पोळ्या परत कशा मागणार? तो निघाल्यावर आम्ही त्या खाल्ल्या. मीही खाल्ली. तुपातली होती, तोंडात विरघळत होती.

एस.टी.च्या थांब्यापर्यंत तिची पिशवी घेऊन मला पाठवलं होतं. बाप पुढं चालत होता, आम्ही दोघी मागं. तिचा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला होता. मला वाटलं ती आता बोलेल, शिव्या देईल, आणि मी मनात उत्तरं तयार करत होते. ती म्हणाली, "तुमी भ्यालात, ते कळलं मला. आत्याबाईम्होरं मी बी असंच बोलले असते. म्या कुनाला काय सांगितलं न्हाय. तुमी उद्या आमच्या घरात येनार, तुमच्या नावाला डाग कशाला?"

तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाबरून खोटं बोलले एवढंच तिला कळलं होतं, आणि आपण घरी गेलो तरी मी चैत्रात तिच्या घरी जाणारच असं ती धरून चालली होती. साट्याचा हिशेब तिच्या बापाला कळला होता. तो पुढं मान खाली घालून चालला होता.

गाडी आली. बाप वर चढला. ती पायरीवर थांबली, उजव्या हातानं दांडा धरून वळली आणि माझ्या कानाशी वाकून बोलली. ते बोलायला ती एवढा वेळ एकांत शोधत होती हे मला तेव्हा कळलं.

"मल्लूला म्या दिवाळीलाच सांगून ठिवलंय. वन्सं हुशार हाय, तिला शिकायचं हाय, दुदनीत साळा हाय. लगीन झालं तरी तिला साळंला जाऊ दे. तो व्हय म्हनलाय. आमचं अप्पा बी व्हय म्हनलेत. तुमाला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं की."

वडील अजून तळावरच होते. साटं मोडल्याचं त्यांनी बापाला सांगितलं होतं, पण ते परत जोडता येण्यासारखं होतं. मी तिथल्या तिथं ओरडून गाडी थांबवली असती, तिच्या बापाचे पाय धरून सगळं सांगितलं असतं, तरी वेळ गेलेली नव्हती. कंडक्टरनं चला म्हटलं. मी तिची पिशवी वर दिली.

"बरं," मी म्हणाले.

ती हसली, आणि कंडक्टरनं दार ओढून घेतलं.